परसात दगडी शेकोटी बांधायची आहे: जुन्या जोत्याचे दगड चालतील का?

सिन्नरफाटा
९ नोव्हेंबर, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. नाशिकला मखमलाबाद रस्त्याला आमचं बैठं घर आहे. मागे परस, साधारण ३० फूट बाय २२. एका कोपऱ्यात आंबा, समोरच्या बाजूला कंपाउंडची भिंत. तिथे दगडी शेकोटी बांधायची आहे. नुसतं आळं करून लाकडं पेटवायची नाहीत. तीन बाजूंनी भिंत, समोर तोंड आणि वर धुराडं, म्हणजे ज्याला फायरप्लेस म्हणतात तेच, पण उघड्यावर.

कारण सांगतो. सिन्नर तालुक्यातलं आमचं धाब्याचं घर गेल्या उन्हाळ्यात उतरवावं लागलं. लाकूड वाळवीने खाल्लं होतं, माती गेली. राहिले ते जोत्याचे काळे घडीव दगड. ते टाकून द्यायचा धीर झाला नाही, म्हणून दोन ट्रॉल्या भरून इथे आणले. अण्णा (वडील, वय ७९) रोज संध्याकाळी जाऊन त्या ढिगावर बसतात. गेल्या थंडीत घमेल्यात काटक्या पेटवून बसायचे आणि सगळा धूर डोळ्यांत. तेव्हाच मनात आलं, की याच दगडांची शेकोटी करू.

आता शंका. हे दगड जाळ सोसतील का? की गोदावरीतले गोटे आणून आत लावावेत? आपल्याकडचा गवंडी हे करू शकेल का? आणि उघड्यावर धुराड्याची खरंच गरज असते का? कुणी केलं असेल तर सविस्तर लिहा.

म्हसरूळकर
९ नोव्हेंबर, रात्री ९:४०

दगडांची काळजीच करू नका. आपला काळा पाषाण म्हणजे थंड झालेला लाव्हा. हजार-बाराशे अंशांतून जन्मलेल्या दगडाला तुमच्या बाभळीच्या जाळाचं काय? आमच्या बाजूला रामशेज किल्ला आहे. काळाराम मंदिराचा दगड तिथूनच नेला असं सांगतात. बिनधास्त बांधा.

पाणसळ
९ नोव्हेंबर, रात्री १०:५५

बांधा, पण बिनधास्त नको. ३१ वर्षं बांधकामात काढली आहेत म्हणून सांगतो.

ते दगड जरूर वापरा, फक्त थेट जाळाला लावू नका. एकात एक दोन खोकी आहेत अशी कल्पना करा. आतलं खोकं अग्निविटांचं, बाजारात फायर ब्रिक म्हणून मागायची. तिचं नेहमीचं माप ९ × ४.५ × ३ इंच. बाहेरचं खोकं तुमच्या दगडांचं. दोन्हींमध्ये इंचभर पोकळी. तापलेली वीट फुगते आणि तिला फुगायला जागा दिली नाही तर ती दगडाला ढकलते. मग बाहेरच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत चीर जाते. गवंडी सवयीने त्या पोकळीत मसाला लोटतात. तिथे उभं राहून ते थांबवावं लागतं.

विटांना साधं सिमेंट अजिबात नको. ४००-५०० अंशांच्या आसपास त्याची पकड सुटते आणि सांध्याचा भुगा होतो. फायर क्ले, म्हणजे जाळ सोसणारी माती, दह्याइतकी पातळ कालवायची आणि सांधा जेमतेम २-३ मिलिमीटरचा ठेवायचा. आपल्या माणसांचा हात अर्ध्या इंचाच्या सांध्याला बसलेला असतो, म्हणून पहिले दोन थर तुमच्यासमोर होऊ द्या.

विटा किती लागतील तेही काढून देतो. आतली पोकळी ३६ इंच रुंद, ३० उंच, १८ खोल धरली तर मागच्या भिंतीला ४०, दोन्ही बाजू मिळून ४०, तळाला १६. झाल्या ९६. तुटफूट धरून ११० आणा.

अंबडलिंक
१० नोव्हेंबर, सकाळी ८:०५

पाणसळ काकांच्या बाकी सगळ्याला अनुमोदन, पण फायर क्लेबद्दल थोडं वेगळं सांगतो. मी भट्टीच्या देखभालीत काम करतो. नुसती फायर क्ले पक्की होते ती मोठ्या उष्णतेत. कारखान्याच्या भट्टीला ती उष्णता मिळते, परसातल्या शेकोटीच्या मागच्या कोपऱ्यांना मिळत नाही. ती तशीच कच्ची राहते आणि जूनमध्ये झड आत आली की सांध्यातून धुऊन जाते. उघड्यावर बांधताय तर ‘एअर सेटिंग’ मसाला मागा. तो हवेवर घट्ट होतो. सातपूर-अंबडकडे भट्टीचं सामान ठेवणाऱ्या दुकानांत विटा आणि हा मसाला दोन्ही मिळतं.

जुन्या भट्टीतून निघालेल्या विटा स्वस्तात देतो असं कुणी म्हणालं तर घेऊ नका. त्यांनी आत काय काय शोषलंय ते कळत नाही.

पाणसळ
१० नोव्हेंबर, सकाळी ९:३०

अंबडलिंक, बरोबर आहे तुमचं. मी केलेली कामं छपराखालची होती, पावसाचा विचार माझ्याकडून राहिला. सिन्नरफाटा, एअर सेटिंगच घ्या.

गारगोटी
१० नोव्हेंबर, दुपारी १:२०

म्हसरूळकर, लाव्हाची गोष्ट खरी. पण शेकोटीत दगड वितळत नसतात, फुटत असतात. आणि ते फुटतात पाण्याने.

आपल्या बसाल्टचे सगळे थर सारखे नसतात. विहीर खणणाऱ्यांना विचारा. ते मुरूम, मांजऱ्या, काळा पाषाण अशी वेगवेगळी नावं सांगतील. लाव्हा थंड होताना त्यातून वायू निघाले आणि बुडबुड्यांची भोकं राहिली. त्यांत पुढे पांढरी, हिरवट, गुलाबी खनिजं जमली. नाशिक परिसरातली ही खनिजं जगभरच्या संग्राहकांना माहीत आहेत. सिन्नरचं गारगोटी संग्रहालय पाहिलं नसेल तर जरूर पाहा. त्यातला एक मोठा गट म्हणजे झिओलाइट. या नावाचा ग्रीकमधला अर्थच ‘उकळणारा दगड’ असा आहे. क्रॉनस्टेट या स्वीडिश खनिजशास्त्रज्ञाने १७५६ साली ते दिलं, कारण तापवल्यावर त्याला तो दगड उकळताना दिसला. झिओलाइटच्या जाळीत पाणी असतं आणि तापलं की ते बाहेर पडतं. असा पांढऱ्या ठिपक्यांचा दगड जाळाशी लावला की कपचे उडणार.

नदीतल्या गोट्यांचं तर नावच काढू नका. वर्षानुवर्षं पाण्यात राहून बारीक फटींत पाणी मुरलेलं असतं. वरून कोरडा दिसतो, आत ओल. वाफेला वाट मिळाली नाही की गोटा फुटतो आणि त्याचा तुकडा किती लांब जाईल ते सांगता येत नाही. समोर तर माणसं बसलेली असणार.

तुमचे जोत्याचे दगड बाहेरच्या भिंतीला उत्तम. प्रत्येकावर हातोडी मारून बघा. खणखणीत वाजला तो घट्ट. बद्द वाजला तो बाजूला ठेवा, ओट्याला वापरा.

चुलीजवळ
१० नोव्हेंबर, दुपारी ३:०२

वाचतेय. मला वाटतं याला ‘आगटी’ म्हणावं. शेकोटी म्हणजे पेटवलेला जाळ. बांधलेल्या जागेला वेगळा शब्द हवा.

म्हसरूळकर
१० नोव्हेंबर, दुपारी ३:४५

आगटी म्हणजे हुरडा भाजायचा खड्डा ना? गोवऱ्यांचा? त्याला धुराडं कुठलं!

चुलीजवळ
१० नोव्हेंबर, दुपारी ४:१०

आमच्याकडे अंगणात शेकायच्या जागेलाही आगटीच म्हणत. हुरड्याची आठवण काढलीत तर आता शेंगदाण्याची चटणी आणि गूळही आणा.

सिन्नरफाटा, एक कळकळीचं सांगणं. आत दोन्ही बाजूंच्या विटांत, तळापासून फूटभर उंचीवर, समोरासमोर लोखंडी पट्टी सरकवायला खाच ठेवायला सांगा. वर जाळी टाकली की वांगी भाजता येतात, कणसं भाजता येतात. निखाऱ्यावर भाजलेल्या वांग्याचं भरीत आणि गॅसवरच्या वांग्याचं भरीत ही दोन वेगळी पक्वान्नं आहेत. खाच नंतर पाडता येत नाही, आत्ताच ठेवावी लागते.

द्राक्षबाग
१० नोव्हेंबर, रात्री १०:३०

मी निफाड तालुक्यातला. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा दर हिवाळ्यात बातमीत येतो, तो आमच्या उशाशी. थंडीची लाट आली की द्राक्षाचे मणी तडकू नयेत म्हणून आम्ही रात्री दोन-तीनला उठून बागेत शेकोट्या करतो. त्या अनुभवावरून माझं मत थोडं वेगळं आहे.

शेकोटी गोल बसायची असते. तीन बाजूंनी भिंत बांधली की ऊब एकाच बाजूला, म्हणजे समोर बसणाऱ्या तिघा-चौघांना. दहा माणसं आली तर बाकीचे कुडकुडणार. शिवाय धुराड्यातून निम्म्याहून जास्त उष्णता आभाळात. एवढा खर्च करण्यापेक्षा तेच दगड गोल मांडा, मध्ये अग्निविटांचं आळं करा. अण्णांना चारचौघांत बसल्यासारखं वाटेल. आमच्याकडे जुनी माणसं शेकोटीला येतात ती ऊब घ्यायला कमी आणि बोलायला जास्त.

सिन्नरफाटा
११ नोव्हेंबर, सकाळी ७:५०

द्राक्षबाग दादा, तुमचं म्हणणं पटण्यासारखं आहे. रात्री अण्णांनाही वाचून दाखवलं. ते म्हणाले, ‘गोल शेकोटीला धूर फिरतो, माणसाला फिरावं लागतं. माझे गुडघे आता फिरत नाहीत.’ त्यांना एका जागी, पाठीला टेका घेऊन, धुराशिवाय बसायचंय. म्हणून धुराडं हवंच. पण चार माणसांपुरती ऊब हा मुद्दा खरा आहे. त्यावर काही करता येईल का?

पाणसळ
११ नोव्हेंबर, सकाळी १०:१५

येईल. बाजूच्या भिंती काटकोनात घेऊ नका, बाहेरच्या अंगाला फाकवा. मागची भिंत अरुंद, तोंड रुंद आणि खोली कमी. रम्फर्ड नावाच्या संशोधकाने १७९०च्या दशकात हेच मांडलं. खोल, चौकोनी शेकोटी स्वतःच्याच भिंती तापवते, उथळ आणि फाकवलेली शेकोटी समोरच्या माणसांना तापवते. मी दिलेला विटांचा हिशेब यामुळे फार बदलणार नाही, फक्त कोपऱ्याच्या विटा कापाव्या लागतील. कटरने कापा, छिन्नीने नको.

आता धुराड्याचं माप. इथेच सगळे चुकतात. तोंडाचं क्षेत्रफळ काढा, ३६ × ३० म्हणजे १०८० चौरस इंच. धुराड्याची आतली पोकळी त्याच्या दहाव्या भागाइतकी तरी हवी. धुराडं १५ फुटांपेक्षा बुटकं असेल (तुमचं असणारच) तर आठवा भाग धरा, म्हणजे १३५ चौरस इंच. आतून १२ बाय १२ घ्या.

आणि पाया. मखमलाबादला काळी माती आहे. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. एक घनमीटर काळा पाषाण पावणेतीन टनांच्या वर भरतो, एवढं ओझं त्या मातीवर ठेवलं की दोन वर्षांत धुराडं कलणार. मुरूम लागेपर्यंत खणा, डबर भरून धुम्मस करा, वर सळई टाकून काँक्रीट.

प्राजक्त
११ नोव्हेंबर, दुपारी १२:४०

मी विरोधात लिहितेय, राग मानू नका. माझ्या मुलाला दमा आहे. शेजारी दर थंडीत पालापाचोळा आणि मिळेल ते पेटवतात, तेव्हा आम्ही खिडक्या लावून घरात बसतो. थंडीच्या रात्री जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार असते, त्यामुळे धूर वर न जाता गल्लीतच रेंगाळतो. २०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमात ज्या शहरांची हवा सुधारायची आहे त्यांत नाशिकचं नाव आहे. तुमच्या अण्णांना धूर नको म्हणून धुराडं, ठीक. पण तो धूर जाणार कुठे? भिंतीपलीकडे कोण राहतं?

सिन्नरफाटा
११ नोव्हेंबर, दुपारी २:२५

प्राजक्तताई, राग कसला. हा प्रश्न मी स्वतःला विचारायला हवा होता. पलीकडे एक कुटुंब राहतं, त्यांच्याकडे लहान बाळ आहे. आज संध्याकाळी जाऊन बोलतो.

द्राक्षबाग
११ नोव्हेंबर, रात्री ९:००

ताईंचा मुद्दा बरोबर आहे आणि त्याचं निम्मं उत्तर लाकडात आहे. ओलं लाकूड धूर देतं, वाळलेलं जाळ देतं. बाभूळ फोडून, पावसापासून वाचवून, निदान सहा महिने वाळवलेली हवी. दोन ढलप्या एकमेकींवर आपटा. टणत्कार आला तर वाळली, थप् असा आवाज आला तर नाही. एप्रिलच्या खरड छाटणीच्या काड्या पेटवणाला उत्तम, पण फवारे झालेल्या असतात, त्यावर वांगी भाजू नका. प्लायवूड, रंगवलेली दारं, फर्निचरचे तुकडे शेकोटीत घालूच नका, त्यांचा धूर विषारी असतो.

कॅम्पातला
१२ नोव्हेंबर, सकाळी ६:३५

जागा ठरवण्याआधी आठवडाभर संध्याकाळी तिथे उदबत्ती लावून बघा. धूर कुठे जातो ते वहीत लिहा. आमच्याकडे देवळालीला हे न करता बांधलं आणि तोंड नेमकं वाऱ्याला आलं. पाच वर्षं झाली, आता त्यात कुंड्या ठेवल्यात.

आंब्यापासून आणि घरापासून दहा फूट तरी लांब घ्या.

सिन्नरफाटा
२० नोव्हेंबर, रात्री ८:४०

सर्वांना मनापासून धन्यवाद. आठ दिवस उदबत्ती लावली. आठांपैकी सहा संध्याकाळी धूर आंब्याकडून कंपाउंडच्या भिंतीकडे, म्हणजे शेजाऱ्यांकडेच जात होता. म्हणून जागा बदलली. आता ईशान्येच्या कोपऱ्यातून हलवून आमच्या विहिरीजवळ घेतोय. तिकडे पलीकडे मोकळा प्लॉट आहे. शेजाऱ्यांशी बोललो. शनिवारी आणि सणाला, रात्री दहाच्या आत, असं ठरलं. बाळाला सर्दी-खोकला असेल तर त्यांनी फोन करायचा, आम्ही पेटवणार नाही.

दगडांचं काम करायला सिन्नरकडचे वडार समाजातले एक आजोबा आणि त्यांचा नातू येणार आहेत. आजोबांनी एकेक दगड टाकीच्या दांड्याने वाजवून पाहिला, ५२ पैकी ९ बाजूला काढले. गारगोटी, त्या नवांपैकी सहांत पांढरे ठिपके निघाले.

गारगोटी
२० नोव्हेंबर, रात्री ९:१५

वाचून फार आनंद झाला. ते सहा फेकू नका. एखादा फोडून बघा, आत काय निघेल सांगता येत नाही.

सिन्नरफाटा
२६ डिसेंबर, रात्री ११:२०

बांधून झाली, पण अडचण आली आहे.

पंधरा दिवस तशीच सुकू दिली. मग तीन दिवस अगदी लहान जाळ केला, काटक्यांचा, अर्धा तास. काल नाताळची सुट्टी, सगळे जमले, नीट लाकडं लावली. पहिली दहा मिनिटं छान, मग तोंडाच्या वरच्या कडेतून धूर बाहेर यायला लागला. अण्णा काही न बोलता उठून आत गेले. मला रात्रभर झोप नाही.

सकाळी मोजलं. मी दोन दिवस कामासाठी पुण्याला होतो, त्यात गवंड्याने धुराडं आतून ९ बाय ९ केलं. वीट तशी बसते, म्हणून. तोंड ठरल्याप्रमाणे ३६ × ३०. आता पाडावं लागेल का?

पाणसळ
२७ डिसेंबर, सकाळी ७:१०

पाडू नका. धुराडं मोठं करता येत नसेल तर तोंड लहान करा. तुमचं धुराडं ८१ चौरस इंच, तोंड १०८०. म्हणजे तेराव्या भागाहूनही थोडं कमी. धूर बाहेर येणारच. तळाला अग्निविटांचा आणखी एक थर द्या, तोंड ३ इंचांनी कमी झालं. वरून ६ इंच उंचीची पट्टी लावा, दगडाची किंवा जाड लोखंडी पत्र्याची. उरलं ३६ × २१ म्हणजे ७५६. आता प्रमाण साधारण नवव्या भागावर आलं. आणि धुराडं दोन फूट वाढवा, उंचीने ओढ वाढते. वर टोपी घालताना चारही बाजूंनी मोकळी ठेवा.

आधी पत्रा नुसता तारेने बांधून पेटवून बघा. जमलं तर मग कायमचं करा.

अंबडलिंक
२७ डिसेंबर, सकाळी ८:००

आणि लाकडं लावण्याआधी वर्तमानपत्राचा एक पेटता बोळा धुराड्याच्या तोंडाशी मिनिटभर धरा. आतली गार हवा हलली की ओढ लागते. तापलेल्या विटांवर पाणी ओतून विझवू नका, तडकतील. राख लोखंडी बादलीत. निखारा राखेखाली दुसऱ्या दिवशीही जिवंत असतो.

चुलीजवळ
२७ डिसेंबर, सकाळी ११:३०

अण्णांना सांगा, आमच्या आजीची चूलही दोनदा मोडून तिसऱ्यांदा जमायची. खाच ठेवली ना हो?

सिन्नरफाटा
५ जानेवारी, रात्री १०:०५

ठेवली, ताई. दोन्ही बाजूंना.

पत्रा बांधून पाहिला, धूर पूर्ण थांबला. मग त्या जागी दगडच बसवला. आमच्या घराच्या दाराचा उंबरठा होता तो, मधोमध झिजलेला. वडारआजोबांनी त्याचा खालचा भाग टाकीने साफ केला, पण झीज तशीच ठेवली. धुराडं दोन फूट वाढवलं. काल शनिवारी पेटवली. अण्णा साडेसातला बसले ते दहाला उठले. त्यांनी बसायला ढिगातला एक दगड स्वतः निवडला आहे, विळ्याला धार लावून लावून खोबण पडलेला. ती खोबण आजोबांच्या हातची की पणजोबांच्या, यावर ते आणि माझी आत्या तासभर बोलत होते.

प्राजक्तताई, शेजारी बाळाला घेऊन पंधरा मिनिटं येऊन गेले. त्यांच्या घरात वास आला नाही म्हणाले. पुढच्या वेळी पुन्हा विचारेन.

प्राजक्त
५ जानेवारी, रात्री १०:४०

विचारत राहा, एवढंच. बरं वाटलं वाचून.

म्हसरूळकर
६ जानेवारी, सकाळी ७:२०

राखेचं काय करता? बागेत टाकली तर चालते का?

द्राक्षबाग
६ जानेवारी, सकाळी ८:१५

अगदी थोडी. राख अल्कधर्मी आणि आपली काळी मातीही बहुतेक ठिकाणी तशीच, त्यामुळे एकाच झाडाला रोज टाकाल तर पानं पिवळी पडतील. चाळून भांड्यांना वापरा.

सिन्नरफाटा, हुरड्याची कणसं आठवडाभरात तयार होतील. पाठवून देऊ का?

सिन्नरफाटा
६ जानेवारी, सकाळी ९:००

पाठवू नका दादा, घेऊन या. १८ तारखेला शनिवार आहे. द्राक्षबाग म्हणतात तशी चारपेक्षा जास्त माणसं झाली तर बाकीच्यांसाठी जोत्याच्या उरलेल्या दगडांचा अर्धगोल मांडून ठेवतो. आणि पाच अग्निविटा, अर्धी पिशवी मसाला शिल्लक आहे. कुणाला चूल करायची असेल तर येताना सांगा, बाजूला काढून ठेवतो.